हालीचा भाव

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कमरेला एक लांबट कापडी पिशवी बांधलेली असायची. तिला आमच्याकडं कसा म्हणत. धोतराच्या निऱ्यांखाली ती अशी गुंडाळलेली असे, की फक्त अंघोळीच्या वेळेला सुटायची, आणि तेव्हाही माय ती पदराखाली धरून न्हाणीच्या दाराशी उभी राहायची. त्या कशात काय आहे, किती आहे, हे विचारायची आम्हा भावंडांना कधी गरजच पडली नाही. जाफराबादपासून दोन कोसांवर, पूर्णेच्या काठच्या काळ्या रानात आमचं गाव. कापूस आणि ज्वारी, दोन्ही पिकत. पहाटे मायचं जातं सुरू झालं की त्या घरघरीत मला पुन्हा झोप लागायची, आणि जाग यायची ती चुलीवरच्या भाकरीच्या वासानं. सकाळी भाकरी आणि ताक, दुपारी भाकरी आणि मुगाचं वरण, संध्याकाळी भाकरी आणि करडईच्या तेलातला ठेचा. वेगळं काही नसायचं, पण कमीही कधी पडलं नाही. दादा कापसाच्या गाड्या घेऊन जालन्याला जायचे आणि परत आले की गाडीतून माझा धाकटा भाऊ किसन याच्यासाठी शेवेची पुडी, माझ्यासाठी बांगड्या आणि मायसाठी एखादं पितळी भांडं निघायचं. व्यवहाराचं बोलणं व्हायचं ते ओट्यावर, पुरुषांपुरतं. ओट्यावरून घरात येण्याआधी दादा रांजणातलं पाणी घेऊन पाय धुवायचे. मला लहानपणी वाटायचं, पैशाचं बोलणंही ते तिथंच धुऊन येतात.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी मी पंधराची होते आणि माझ्या लग्नाला उशीर झाला, असं गावातल्या बायका मायला येता-जाता ऐकवू लागल्या होत्या. वाटूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी मानपान आणि सोनं दोन्ही मोकळेपणानं सांगितलं होतं. दादांनी त्या साली कापूस चांगल्या भावानं घातला, वर खिल्लारी बैलांची एक जोडी विकली, आणि आलेल्या सगळ्या नोटा कशात गेल्या. एरवी सपाट असणारा तो कसा पोटावर फुगलेला दिसू लागला. माय हसून म्हणायची, तुमच्या पोटात गोदीचं लग्न वाढून राह्यलं. गोदी म्हणजे मी.

मग आमच्या मुलखात, निजामाच्या राज्यात, ती जाळपोळीची, मारामारीची धामधूम सुरू झाली. तिच्याबद्दल जाणत्या लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे, मी त्यात भर घालत नाही. आमच्यापुरतं एवढंच, की आषाढात, पेरण्या उरकल्या होत्या आणि कपाशी नुकती वर आली होती, तेव्हा एका दुपारी गावातली बरीच घरं गाड्या जुंपून वऱ्हाडाकडं निघाली. आम्हीही निघालो. म्हैस शेजारच्या चाँदभाईंच्या दावणीला बांधली, दाराला कडी घातली, उरलेली बैलजोडी गाडीला जुंपली. सरहद्द ओलांडून पहिल्याच मोठ्या गावात मायचा चुलतभाऊ राहायचा, गणपतमामा. त्यानं आम्हाला गुरांच्या गोठ्याची अर्धी बाजू मोकळी करून दिली. मामा माणूस बरा होता. मामीही सुरुवातीला बरी होती. पाहुणा दोन-चार दिवसांचा असतो तोवर सगळेच बरे असतात. बदल्यात आमचे बैल मामाच्या रानात राबू लागले, ते कुणी न बोलताच ठरलं.

आता जी गोष्ट आमच्या मुळावर आली, ती आधी समजावून सांगायला हवी, कारण आजच्या पोरांना ती खरी वाटत नाही. आमच्याकडं निजामाचा हाली रुपया चालायचा आणि पलीकडं इंग्रजी छापाचा कलदार. सात हालीला सहा कलदार, हा भाव आमच्या भागात लहान पोरालाही पाठ होता, आणि सरहद्दीवरच्या कुठल्याही बाजारात रुपया सहज बदलून मिळे. पण त्या पावसाळ्यात पलीकडचे दुकानदार हाली नोट उजेडाकडं धरून बघायला आणि हळूच परत द्यायला लागले. निजामाचं राज्य उद्या राहतं की नाही कुणाला ठाऊक, आणि राज्यच गेलं तर त्याच्या कागदाला कोण विचारणार, असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळे भाव उतरू लागला. म्हणजे गंमत बघा. आम्ही गरीब झालो नव्हतो, आम्हाला कुणी लुटलं नव्हतं, कुणाचं एका पैशाचं देणं नव्हतं. दादांच्या कमरेला लग्नापुरते पैसे होते. पण पाच-सहा कोस पलीकडं आल्यामुळे ते पैसे राहिले नव्हते.

दादा रोज सकाळी उठून शेजारच्या बाजारगावी चालत जाऊ लागले. तिथं एक म्हातारा आडत्या नोटा बदलून द्यायचा. दादा त्याच्या दुकानासमोर बसायचे, भाव विचारायचे, आणि नोट न बदलता परत यायचे. दुपारी गोठ्याच्या दारात त्यांची सावली पडली की आम्हाला कळायचं, भाव आला. मग तो आम्हाला सांगितला जायचा. काल किती होता, परवा किती होता, मागच्या बाजारी बदलल्या असत्या तर किती आले असते, आज बदलल्या तर किती गेले, थांबलो तर किती वाचतील. पाऊस गोठ्याच्या पत्र्यावर वाजत असायचा, खाली शेणामुताचा दर्प, बैल रवंथ करत असायचे, आणि दादा बोलत असायचे. ज्या माणसानं जन्मभर घरात पैशाचा उच्चार केला नव्हता, तो आता दुसरं काही बोलतच नव्हता. किसन खेळताना हसला तरी ते दचकून बघायचे. मी पाण्याची घागर जरा जोरात टेकवली तर म्हणायचे, फोड, आता घागरीचाबी खर्चा काढ. मायनं भाजीला तेल टाकलं की त्यांची नजर पळीवर जायची. त्यांनी मारलं असतं तर परवडलं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

माझा नातू औरंगाबादेत चांगल्या नोकरीला आहे. त्याचे पैसे शेअरमध्ये आहेत म्हणतात. जेवताना त्याच्या ताटाशेजारी मोबाइल असतो आणि घासागणिक तो त्याकडं बघतो. त्याच्या कचेरीत एकदा कुणी बाई येऊन मन शांत कसं ठेवायचं ते शिकवून गेल्या, डोळे मिटून श्वास घ्यायचा वगैरे. तो मला ते दाखवत होता आणि डोळे मिटल्या मिटल्या त्याचा हात मोबाइलकडं गेला. मी हसले, पण आतून चीड आली. त्याची नाही. ती जुनीच चीड होती, फक्त बसायला नवी जागा सापडली.

मायनं डोळे मिटायचं नाव घेतलं नाही. तिनं गोठ्याचा आमचा कोपरा दर सकाळी सारवायला घेतला. गुरं बांधलेल्या जागेत सारवण ते काय टिकणार, संध्याकाळपर्यंत चिखल व्हायचा, तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सारवायची. पावसाळ्यात बांधावर उगवतो तो तरोटा आणि कुंजीर खुडून आणायची, उकडून, पिळून, मीठ-मिरचीवर परतायची. किसनला न्हाऊ घालायची. आणि दादांना तिनं एके दिवशी ताट वाढता वाढता सांगून टाकलं.

"भाव जेवायच्या आधी सांगायचा न्हाई. जेवताना बी न्हाई. जेवून हात धुतले की सांगा, मंग मी सगळं ऐकते."

दादांनी ते मानलं, हे विशेष. पण मानून उपयोग काय? ते गप्प जेवायचे आणि आम्हा तिघांच्या नजरा त्यांच्या तोंडावर. भाव उतरला की त्यांचा घास लहान व्हायचा. भाव तिथंच राहिला की ते पाणी जास्त प्यायचे. न सांगितलेला भाव आम्ही त्यांच्या चावण्यावरून ओळखायचो. पण माय रेटून दुसरं काही बोलत राहायची, बैलाच्या खांद्याचं, किसनच्या खरजेचं, मामाच्या रानातल्या तुरीचं. मला ते ढोंग वाटायचं. आता वाटतं, ते ढोंगच होतं, पण तेवढ्या ढोंगावर आम्ही जेवत होतो.

श्रावण लागला तसं घरून आणलेलं पीठ संपलं, तेल संपलं, मीठ संपलं. माय वाटी घेऊन मामीच्या चुलीपाशी जायची आणि मामी वाटी भरायची, पण भरताना आपल्या सासूला उद्देशून काहीतरी बोलायची. मोगलाईतली माणसं खातात बाप्पा, असलंच काहीतरी. आमच्याकडच्या लोकांना तिकडं मोगलाईवाले म्हणत. किसनला आधी रोज वाटीभर दूध मिळायचं, ते बंद झालं. आमचेच बैल तण काढायला मामाचं रान डवरत होते आणि आम्हालाच वाटी धरून उभं राहावं लागत होतं, हे मला दिसत होतं, मायला दिसत होतं. दादांना दिसत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांचे डोळे भावावर लागले होते.

शेवटी माय म्हणाली, एक नोट तरी मोडा. वहिनीपुढं वाटी घेऊन मी किती डाव उभी राहू?

"आज मोडली तर दहाच्या जागी सहा बी हातात येत न्हाईत," दादा म्हणाले. "बाकीचे कुठं गेले? गोदीच्या लग्नातून गेले. थोडं थांब. भाव वर येणार हाये. मी रोज बघून राह्यलो ना."

"तुमी भाव बघून राह्यले. मी डबा बघून राह्यले."

त्यावर दादांनी कमरेला हात लावून कसा चाचपला आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. माय रडली नाही. मला म्हणाली, सकाळी जुनं लुगडं नेस.

सकाळी आम्ही दोघी गावातल्या बायकांबरोबर खुरपायला निघालो. मामीनं दारातून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. आमच्या गावी खुरपायला बायका आमच्याकडं यायच्या. माय त्यांना दुपारी भाकरीवर कालवण वाढायची. आता ती दुसऱ्याच्या कपाशीत, दुसऱ्याच्या बायकांच्या ओळीत, चिखलात उकिडवी बसली. मला खुरपं धरता येत होतं, पण दिवसभर धरायची सवय नव्हती. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले, मांड्या भरून आल्या. शेजारची एक म्हातारी सारखी विचारत होती, तुमचं घर केवढं, तुमचे बैल किती, काहून आलात. मी चिडून उत्तर द्यायची नाही. माय मात्र हात चालवत सगळं शांतपणे सांगायची, जणू तिसऱ्याच कुणाच्या घराबद्दल सांगते आहे. संध्याकाळी आमच्या हातावर कलदार आणे पडले. मायनं ते मुठीत घट्ट धरले आणि वाटेतच मीठ, तेल आणि पायलीभर ज्वारी घेतली. चालता चालता ती एकदाच बोलली. म्हणाली, गोदे, आज पाठ दुखते ती बरी. कालपर्यंत डोकं दुखत होतं.

त्या संध्याकाळी दादांनी ताटाला हात लावला नाही. पोट बरोबर नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही पोट बरोबर नव्हतं. मामा बोलवायचा तर त्याच्याकडं चार घास खाऊन यायचे, पण मायच्या मजुरीची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरेना. आणि भावाला जाणं सुरूच. माय ताट वाढायची, ते तसंच राहायचं, मग ती ते आमच्यात वाटून द्यायची. तिनं त्यांना एकदाही जेवा म्हटलं नाही. मला वाटायचं, हिनं म्हणावं. वाटायचं, त्यांनी खावं. कुणीच काही करत नव्हतं. मी दिवसभर खुरपून यायची आणि त्या दोघांच्या मधोमध बसून दुखणारे हात चोळायची.

ते फुटलं ते माझ्याकडून. एके दिवशी पाऊस जोराचा आला म्हणून आम्हाला दुपारीच सुटी झाली. मी पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेली, हातात खुरपं, मामाच्या ओट्यासमोरून चालले होते. माय मागं राहिली होती. ओट्यावर दादा, मामा आणि गावातले चार जण बसले होते आणि दादा त्यांना भाव समजावत होते. मामा म्हणत होता, दाजी, थोडे तरी मोडून घ्या, पोरीबाळींचे हाल होतात. दादा म्हणाले, ते माझे पैसे न्हाईत, पोरीच्या लग्नाचे हायेत. मला त्याला हात लावायचा हक न्हाई.

मी थांबले. पुरुषांच्या बैठकीत बोलायची माझी वेळ त्याआधी कधी आली नव्हती.

"माझे हायेत ना, दादा?" मी म्हणाले. "मंग मला द्या. माझ्या हातात द्या. मी उद्या बाजारात बदलून आणते. किसनला दूध आणते. लग्न ऱ्हाऊ द्या."

ओट्यावरची सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता दादा उठतील आणि कानाखाली देतील. ते उठले, पण माझ्याकडं आले नाहीत. माझ्या पायांकडं बघितलं, हातातल्या खुरप्याकडं बघितलं आणि आत गेले. माय आली तेव्हा तिला कुणीतरी सांगितलं असणार. तिनं माझ्या तळहातावरचे फोड बघून तेवढी हळद लावली.

दुसऱ्या दिवशी दादा उजाडता गेले ते दुपारी परत आले. डोक्यावर ज्वारीचं पोतं होतं. दादांना डोक्यावर ओझं घेतलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. एका हातानं पोतं धरलेलं, दुसऱ्या हातातल्या फडक्यात तेलाची बुधली, मीठ आणि गुळाचा खडा. पोतं उतरवून ते खाली बसले आणि कसा सोडून मायच्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, सगळेच बदलले. थोडे बदलले असते तर उरलेल्यांचा घोर राह्यला असता. किती आले ते त्यांनी सांगितलं नाही, मायनं विचारलं नाही. पण कसा पाहूनच कळत होतं. अर्धं लग्न गेलं होतं. मग ते तिथंच, दिवसाढवळ्या, घोंगडीवर आडवे झाले आणि झोपले. किसननं त्यांच्या पोटावरून उड्या मारल्या तरी जागे झाले नाहीत. उठले तेव्हा माय भाकरी थापत होती. त्यांनी स्वतःच ताट ओढलं.

पोळा आला. दादांनी बैलांच्या शिंगांना गेरू लावला, मामाच्या बैलांबरोबर आपलेही मिरवले, आणि पोळ्यानंतर ते स्वतः बैल घेऊन दुसऱ्यांच्या रानात मजुरीनं डवरा हाकायला जाऊ लागले. त्यांचं आणि माझं नीट बोलणं मात्र काही दिवस झालं नाही. रागानं नव्हे. दोघांनाही कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं.

आणि मग, पोळ्याला फार दिवस झाले नव्हते, तोच सगळं पालटलं. फौजा आल्या, निजामाचं राज्य खाली बसलं, लोक गाड्या जुंपून परत निघाले. आम्हीही निघालो. मामीनं जाताना मायला मिठी मारली आणि दोघी रडल्या, ते खरं होतं की नाही हे मी विचार करायचं सोडून दिलं आहे. वाटेत बाजारगाव लागलं. आडत्याच्या दुकानासमोर गर्दी होती. मामानं सोबत पाठवलेला गडी चौकशी करून आला आणि सहज सांगून गेला, हाली पुन्हा चालायला लागली, पहिला भाव आला, सात हालीला सहा.

मी दादांकडं बघितलं. ते बैलांकडं बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, बरं झालं, लोकांचे वाचले. आणि कासरा ओढला.

मोडली ती माय. ज्या बाईनं सबंध पावसाळा एक आकडा तोंडातून काढला नव्हता, ती गाडीत बसल्या बसल्या हिशेब करू लागली. पोळ्याच्या आधी बदलले नसते तर इतके राह्यले असते. त्यात एक पाटली आली असती. पाटली नाही तर गोदीचं शालू-लुगडं, आणि मानपानाची भांडी. दादा म्हणाले, जाऊ दे. ती म्हणाली, कसं जाऊ दे, मीच म्हटलं होतं मोडा म्हणून. दादा म्हणाले, आपण खाल्ले ते. गेले कुठं? तिला ते ऐकूच गेलं नाही. पूर्णा ओलांडताना गाडीत पाणी आलं, किसन ओरडला, तरी तिचं चालूच होतं.

घरी आलो. दाराची कडी जागेवर होती. पेवातल्या ज्वारीला ओल लागून वरचा थर काळा पडला होता. कपाशीत गवत माणसाच्या कमरेइतकं वाढलं होतं. तिचं काही होण्यासारखं नव्हतं. चाँदभाईंनी म्हैस आणून दावणीला बांधली आणि त्यांच्या बायकोनं आम्ही चूल पेटवायच्या आत कासंडीभर दूध आणून ठेवलं. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त माय तिथं नव्हती. दळताना तिचं जातं मध्येच थांबायचं, ओठ हलू लागायचे आणि मला कळायचं, ती पाटलीपाशी पोचली. भाकरी करपायची. शेजारणी भेटायला आल्या की ती प्रत्येकीला तो भाव पहिल्यापासून सांगायची. दादांचं मी समजू शकत होते, ते पुरुष होते, पैसे त्यांच्या कमरेला होते. पण मायचा मला इतका राग येऊ लागला की मी तिच्यासमोर जेवायला बसणं टाळू लागले. गोठ्यात, चिखलात, मामीच्या वाटीपुढं जी ताठ उभी होती, ती आता आपल्या घरात, आपल्या चुलीपुढं, सगळं संपल्यावर कोसळत होती. याला काही अर्थ होता का? आज मला वाटतं, तिला कोसळायला सवड तेव्हाच मिळाली. पण तेव्हा मला ते पटलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आजही पुरतं पटत नाही.

वाटूरच्या स्थळाला दादांनी स्वतःच निरोप धाडून टाकला, आमच्यानं एवढं होणार नाही म्हणून. मायला ते कळलं तेव्हा तिनं दोन दिवस कुणाशी बोलणं सोडलं. पुढच्या साली माझं लग्न भोकरदनकडच्या एका शिक्षकाशी झालं. त्यांनीच मला लिहा-वाचायला शिकवलं, नाहीतर हे लिहिलं कुणी असतं? पण ते नंतरचं.

रब्बीची पेरणी आली. आमच्याकडं ज्वारी तिफणीनं पेरतात. पुढं पुरुष बैल हाकतो आणि तिफणीवर लाकडाचं चाडं असतं, त्यात मुठीतून दाणे सोडत बाई मागून चालते. मूठ सतत चालती ठेवावी लागते, घट्ट नाही, सैल नाही. दरवर्षी हे काम चाँदभाईंची बायको करायची, तिची मूठ गावात नावाजलेली. त्या वर्षी तिला दुसरीकडं बोलावलं होतं आणि दुसरी बाई लावायला दादांकडं पैसे नव्हते. ते मायला म्हणाले, तू चल. माय म्हणाली, माझ्यानं होणार न्हाई, माझं ध्यान राहत न्हाई. दादा म्हणाले, न राहू दे. बी घे आणि चल.

मी बांधावर किसनला घेऊन बसले होते, बियाणं संपलं की पाटी भरून द्यायला. बैल निघाले. दादा पुढं, माय मागं. दादा मागं वळून बघत नव्हते. मधूनच, कशावरून त्यांना कळायचं देव जाणे, ते नुसतं म्हणायचे, "मूठ." आणि मायचा हात पुन्हा चालू व्हायचा. सकाळभर तो एकच शब्द त्या रानात ऐकू येत होता. मूठ. मूठ. दुपारनंतर तो कमी झाला. माय ऊन डोक्यावर घेऊन चालत राहिली. शेवटच्या वळणावर ती माझ्याजवळून गेली तेव्हा तिचे ओठ हलत नव्हते.

ज्वारी उगवून दोन पानांवर आली तेव्हा दादांनी आम्हा दोघींना रानात नेलं. आधी कशाला ते सांगितलं नाही. बांधाला उभं राहून त्यांनी पहिल्या ओळी दाखवल्या. कुठं दाणे झुबक्यानं पडून रोपं एकमेकांवर चढली होती, कुठं हातभर जागा उघडीच. दादा ओळीतून चालत गेले, एका झुबक्यापाशी थांबले.

"इथं तू पाटली घेतली," ते म्हणाले. चार पावलं पुढं गेले. "इथं गोदीचा शालू. इथं भांडी."

दादा चालत चालत रानाच्या मध्यावर गेले. तिथून पुढच्या ओळी सुतानं आखल्यासारख्या होत्या, पार दुसऱ्या बांधापर्यंत.

"अन् इथून पुढं तू ज्वारी पेरली."

माय त्या ओळींकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडते. ती म्हणाली, सुरुवातीला तुमचा डावा बैल वढून राह्यला होता, तिफण सरळ कशी चालंल? दादा म्हणाले, बराबर हाये, बैलाचंच चुकलं. आणि दोघं घराकडं चालू लागले, बोलत, माझ्याकडं न बघता. जाता जाता मायनं मला सांगितलं, एवढे झुबके विरळून टाक आणि उघड्या जागी रोपं लाव, ओल हाये तोवर. खुरपं आणायला मी परत घरी गेले. पाटली, शालू आणि भांडी उपटून नीट लावायला मला अख्खे दोन दिवस लागले, आणि ते दोन्ही दिवस मी एकटीच बडबडत, चिडत, ओळीत उकिडवी बसून होते.